तेक्लेचे गुरुवार

तेक्ले आमच्याकडे आली ती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, आणि पहिल्याच संध्याकाळी उपाशी राहायची वेळ तिच्यावर आली. चूक कुणाचीच नव्हती. सहा वाजता मी नेहमीसारखं टेबल मांडलं. राय धान्याचा काळा पाव, लोणी, दोन तऱ्हेचं चीज, हॅमचे काप, आंबट काकडी, मुळे. प्रत्येकापुढे एकेक लाकडी पाटी. पोरीने पावाचा एक काप खाल्ला आणि हात मांडीवर ठेवून बसली. मला वाटलं, लाजतेय. माझा नवरा ओनो पंधरा मिनिटांत आटोपून उठला, बूट चढवून पुन्हा रोपांकडे गेला. मी पाट्या उचलायला लागले तेव्हा तिने हळूच विचारलं, "जेवण किती वाजता असतं?"

"हेच की जेवण."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. मान हलवली. पावाचे आणखी दोन काप पुढ्यात ओढले आणि पेपर सोडवायला बसल्यासारखे एकचित्ताने संपवले.

ती सोळा वर्षांची होती, जॉर्जियातल्या कुताईसीची. तिथे तिचे वडील प्रवासी व्हॅन चालवत. एका वर्षासाठी जर्मन शाळेत शिकायला पाठवणारी एक संस्था आहे. पहिल्या वर्षी हिची निवड झाली नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करून आली होती. आमचा मुलगा हेनिंग दोन वर्षांपूर्वी लाइपझिगला निघून गेला, तेव्हापासून त्याची खोली बंदच होती. बंद खोली झाडून झाडून मला कंटाळा आला होता, म्हणून मीच त्या संस्थेला कळवलं होतं की आमच्याकडे जागा आहे.

मला नावाने हाक मार, असं मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. इथे सगळे तसंच करतात. ती म्हणाली, "आमच्याकडे मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. मी देइदा विबके म्हणेन." देइदा म्हणजे मावशी. मी दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा टोकायच्या आत लक्षात आलं की या मुलीला टोकून काही उपयोग नाही. ओनो तिच्याशी इंग्रजीत बोलायला गेला तर दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "जर्मनमध्ये बोला. हळू बोला, पण जर्मनमध्ये." ओनो तसाही दिवसाला चाळीसेक शब्दांचा माणूस. हळू बोलायला लागल्यावर ते विसावर आले.

ओल्डेनबुर्गपासून पाऊण तासावर आमची रोपवाटिका आहे. ओनोच्या आजोबांपासून आम्ही ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं वाढवतो. एक झुडूप विकण्याजोगं व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, त्यामुळे आमच्याकडे घाई कशाचीच नसते. घाई फक्त जेवणाच्या टेबलावर. हे मला कधी खटकलं नव्हतं, ऑक्टोबरमध्ये त्या संस्थेच्या बाईंचा फोन येईपर्यंत.

"विबकेताई, जरा नाजूक विषय आहे," त्या म्हणाल्या. "तेक्लेचं वजन उतरलंय. मी तिला विचारलं तर म्हणाली, खायला भरपूर मिळतं, पण त्या घरात जेवताना कुणी बोलत नाही. घर बदलून हवंय का, असं विचारलंय मी तिला. तुमचाही विचार कळवा."

माझ्या अंगाची लाही झाली. बाईंना 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि सरळ जिना चढून वर गेले. तेक्ले पुस्तक उघडून बसली होती.

"आमच्या घरात काय कमी पडलं गं तुला? पाव वाईट आहे? चीज शिळं असतं?"

"नाही. पाव छान आहे. आता मला आवडतो."

"मग परक्या बाईला सांगायची काय गरज होती? माझ्याशी बोलता येत नव्हतं?"

ती उभी राहिली. रडेल असं वाटलं होतं, पण तिने शब्दकोश उघडला, एक शब्द शोधला आणि म्हणाली, "बोलायला वेळ पाहिजे ना. तुम्ही दोघं गाडी सुटत असल्यासारखे जेवता. मी वाक्य जुळवते, तोपर्यंत टेबल रिकामं होतं."

मी पलंगाच्या कडेवर बसले.

"घर बदलायचंय का तुला?" मी विचारलं.

"नाही. मी इथेच राहणार. बाईंना तसंच कळवणार आहे." मग थोडा श्वास घेऊन ती म्हणाली, "पण आठवड्यात एक संध्याकाळ मला द्या. गरम जेवण. तुमचंच, जर्मन. मला तुमचंच शिकायचंय. मी रांधते, तू शिकव. आणि एक तास कुणी उठायचं नाही."

"ओनो एक तास बसेल?" मला हसूच आलं. "तो स्वतःच्या लग्नात नव्हता बसला."

"बसतील," ती म्हणाली.

असा गुरुवार ठरला. पहिल्या गुरुवारी आम्ही दोघींनी नाशपाती, हिरव्या शेंगा आणि खारवलेलं डुकराचं मांस एकाच भांड्यात शिजवलं. मांसात फळ टाकताना तिने एकदा माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण टाकलं. ओनो आला, वास घेऊन म्हणाला, "आज कुणाचा वाढदिवस?" आणि बसला. बारा मिनिटांत ताट साफ. खुर्ची मागे सरकली तशी तेक्लेने त्याच्या पाण्याच्या पेल्यावर हात ठेवला.

"अजून अठ्ठेचाळीस मिनिटं," ती म्हणाली.

"कसली?"

"बसायची."

ओनोने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं. तो बसला. मग तिने आपला सफरचंदाच्या रसाचा पेला उचलला. तिच्या घरी टेबलावर कुणीतरी पेला उचलून कुणाबद्दल चार चांगले शब्द बोलतो, मग सगळे पितात, मग दुसरा बोलतो. तिने त्या दिवशी तिच्या आजोळच्या एका म्हाताऱ्या गाढवाबद्दल सांगितलं. विभक्ती सगळ्या चुकल्या, पण गाढव डोळ्यांपुढे उभं राहिलं. पुढची पाळी ओनोची. तो बराच वेळ पेला फिरवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "यंदा पाऊस बरा झाला." आणि प्यायला. तेक्लेने गंभीरपणे मान डोलावली, जणू मोठं भाषण झालं.

पुढच्या गुरुवारी तो दोन वाक्यं बोलला. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याने आपल्या आजोबांनी कलम कसं मोडलं आणि घरच्यांपासून कसं लपवलं ते सांगितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. माझ्याही लक्षात आलं की गुरुवारी दुपारपासूनच मी संध्याकाळी काय सांगायचं त्याचा विचार करते.

मग नोव्हेंबरातला तो गुरुवार आला. जेवण झालं होतं. तेक्लेने पेला उचलला आणि म्हणाली, "हेनिंगला. मी त्याच्या पलंगावर झोपते, त्याच्या दिव्याखाली अभ्यास करते, आणि या घरात त्याचं नाव अजून एकदाही ऐकलं नाही."

ओनोने पेला खाली ठेवला. उठला. मागचं दार उघडून अंधारात शेडकडे निघून गेला. घड्याळात तासाची वीस मिनिटं उरली होती.

मी तिच्यावर ओरडले नाही, पण आवाज चढला. "प्रत्येक घरात एक खोली असते पोरी, जिथे पाहुण्याने जायचं नसतं."

"मला त्याच खोलीत ठेवलंय, देइदा," ती म्हणाली.

त्या रात्री तिला मी सगळं सांगितलं. हेनिंगला रोपवाटिका नको होती. नाटकाच्या थिएटरात आवाजाचं तंत्र सांभाळायचं काम शिकायला तो गेला. जाताना म्हणाला, झुडपं वाढायची वाट बघत मी आयुष्य घालवणार नाही. ओनो म्हणाला, मग परत येऊ नकोस. दोघंही एका वळणाचे. शब्द फिरवायला कुणी तयार नाही. मी दर शनिवारी बाजाराला गेले की गाडीत बसून हेनिंगला फोन करायचे, घरी येऊन काही बोलायचे नाही. आणि टेबलावर जेवण लवकर उरकायचे, कारण रिकामी खुर्ची सगळ्यात जास्त तिथेच दिसते. हे मी कुणापुढे बोलले नव्हते. स्वतःपुढेसुद्धा नाही.

पुढच्या गुरुवारी मी म्हणाले, "आज राहू दे. पाव खाऊन घेऊ."

"गुरुवार आहे," ती म्हणाली आणि बटाटे सोलायला बसली.

तीन ताटं मांडली. सहा वाजले, सव्वासहा झाले. ओनोचा पत्ता नाही. मी ताट झाकायला उठले तर म्हणाली, "बस. तास सुरू झालाय." पावणेसातला दार वाजलं. ओनोने हात धुतले, बसला, गार झालेले बटाटे मुकाट खाल्ले. पेला उचलला नाही. पण तास संपेपर्यंत उठलाही नाही. त्यानंतरही त्याने एकही गुरुवार चुकवला नाही.

फेब्रुवारीत आमच्या गावाची कोबीफेरी असते. कडक थंडी पडून गेल्यावर कुरळ्या पानांच्या कोबीला गोडी येते. मग गावातले तीस-चाळीस जण दुपारी हातगाडी ओढत, रस्त्यावर चेंडू फेकण्याचा खेळ खेळत, गळ्यात दोरीने पेले अडकवून चालत निघतात आणि तिन्हीसांजेला खानावळीत पोचतात. तिथे चरबीत तासन् तास शिजलेला तो कोबी, पिंकेल नावाचं ओट भरलेलं जाडजूड सॉसेज, धुरावलेलं मांस आणि उकडलेले बटाटे. शेवटी मावळता राजा किंवा राणी पुढच्या वर्षीचा मानकरी निवडते. त्याच्या गळ्यात डुकराच्या जबड्याचं हाड रिबिनीने बांधतात आणि पुढची फेरी त्याने भरवायची असते.

त्या वर्षी राणी होती आमची शेजारीण गेशे, साठीची, फटकळ, गाईंवर आणि माणसांवर एकाच आवाजात ओरडणारी. तेक्लेच्या पेल्यात मोठ्यांच्या दारूऐवजी रस होता, पण चेंडू तिने सगळ्यांच्या पुढे फेकला, दोनदा खंदकात उतरून शोधूनही आणला. टेबलावर तिने तीनदा कोबी वाढून घेतला.

"अगं, पोट आहे की कोठार?" गेशे ओरडली.

"पहिल्यांदा वाढलं ते भुकेसाठी," तेक्ले म्हणाली. "दुसरं चवीसाठी. तिसरं तुम्ही बघत होता म्हणून."

खानावळ हसून लोटपोट झाली. गेशेने उठून स्वतःच्या गळ्यातलं हाड काढलं आणि तिच्या गळ्यात घातलं. "ही घ्या तुमची राणी!"

टाळ्या थांबल्यावर कुणीतरी म्हणालं, "ही तर जुलैत परत जाणार."

"अरे हो की," गेशे म्हणाली. "जाऊ दे गं, गंमत होती ती. फेरीचं आम्ही बघू."

तेक्ले हाड मुठीत धरून उभी राहिली. "गंमत नाही. हाड माझ्या गळ्यात घातलंय. काम मी करणार. जायच्या आधी सगळं ठरवून जाईन."

आणि ती कामाला लागली. पुढच्या वर्षीचा शनिवार ठरवून खानावळ सांगून ठेवली. सायकलवरून तीन रस्ते पाहिले, एक वारा लागतो म्हणून आणि एक चिखलाचा म्हणून सोडला. शाळेच्या वहीत यादी केली: चेंडू कुणाकडे, पेले कुणाकडे, कोण चालू शकत नाही आणि त्यांना गाडीने कोण आणणार. दोन चाकांची जुनी हातगाडी ओनोच्या शेडमध्ये पडून होती, चाकांमधला आस मोडलेली. "गाडी ओढायला दोन माणसं लागतात," ती मला म्हणाली. "एक ओनो. दुसरा कोण?"

"गेशेचा पुतण्या आहे."

"नको," ती म्हणाली. "हेनिंगचा नंबर दे."

मी दिला. ती जिन्याच्या पायरीवर बसून फोनवर बोलली, मी स्वयंपाकघरात काहीही न करता उभी होते.

"हेनिंग? मी तेक्ले. तुझ्या खोलीतली... नाही, खोली नकोय सोडायला. मला हातगाडी ओढायला माणूस पाहिजे. पुढच्या फेब्रुवारीत... हो, एक वर्ष आहे. म्हणून तर आत्ता विचारतेय... वडील बरे आहेत. गुडघा दुखतो... नाही, त्यांनी नाही सांगितलं. मी सांगतेय. मी राणी आहे... तर आधी ये आणि गाडी बघून जा. आस मोडलाय. गुरुवारी ये. गुरुवारीच."

फोन ठेवून ती म्हणाली, "विचार करतो म्हणाला. म्हणजे येणार."

ओनोपासून तिने काही लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीला सरळ म्हणाली, "गुरुवारी हेनिंग येतोय. चार ताटं." ओनो पावाला लोणी लावत होता. लोणी पार कडेपर्यंत पोचलं, तरी सुरी चालूच राहिली. शेवटी तो म्हणाला, "मग करणार काय?"

"बटाट्याची धिरडी," मी म्हणाले. "सफरचंदाच्या गोड गरासोबत."

"पीठ कमी घाल," तो म्हणाला. "त्याला कुरकुरीत लागतात."

हेनिंग आला. केस वाढलेले, गालावर नवी दाढी, दारात उभा राहून पायपुसण्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ बूट घासत होता. ओनो म्हणाला, "आलास." हेनिंग म्हणाला, "आलो." चौघं बसलो. धिरडी तव्यावरून थेट ताटात आली तरच मजा, म्हणून मी चुलीपाशी उभी होते. टेबलावर चमचे-काट्यांचाच आवाज. तेक्लेने गाडीचा विषय काढला, आस लाकडी की लोखंडी विचारलं. हेनिंगने एका शब्दात उत्तर दिलं. ओनोनेही एका शब्दात दिलं, पण उलटं.

आणि ओनो उठला.

माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. हेनिंगने खाली पाहिलं आणि रुमालाची घडी घातली. मला त्या घडीत दिसलं की रात्रीच्या गाडीने हा परत जाणार. तेक्लेने पहिल्यांदाच काही म्हटलं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

ओनो माझ्यापाशी आला. माझ्या हातातून उलथणं घेतलं. "बस तू. मी काढतो."

मी बसले. तो आमच्याकडे पाठ करून तव्यासमोर उभा राहिला. एक धिरडं सोडलं, उलटलं, कडा दाबल्या. आणि तव्याकडे बघतच म्हणाला, "तिथे थिएटरात... ते आवाजाचं काम. नक्की काय करतोस तू?"

हेनिंग गोंधळला. मग सांगायला लागला. पावसाचा आवाज कसा करतात, दार आपटल्याचा कसा, प्रेक्षकांना शेवटच्या रांगेत कुजबुज कशी ऐकू जाते. एक आवाज बसवायला कधीकधी तीन-तीन आठवडे जातात, म्हणाला.

"तीन आठवडे," ओनो तव्याला म्हणाला. "एका आवाजाला."

"हो."

"हं. मग वाट बघायला शिकलास तर."

हेनिंगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. क्षणभर वाटलं, आता पेटणार. पण तो म्हणाला, "ते तुमच्याकडूनच शिकलो असेन, बाबा. तेव्हा कळलं नाही."

ओनोने धिरडं त्याच्या ताटात टाकलं. एक कड करपली होती. "मी म्हणालो होतो, येऊ नकोस," तो म्हणाला. अजून पाठमोराच होता. पाठ करून बोलणं त्याला सोपं जात असावं. "ते म्हणायला नको होतं."

हेनिंगने करपलेल्या कडेसकट धिरडं खाल्लं. मी टेबलाखाली तेक्लेचा हात धरला; तो बर्फासारखा गार होता. इतके महिने मला वाटत होतं, ही पोर कशालाच घाबरत नाही.

सगळं एका रात्रीत सुरळीत झालं, असं नाही. हेनिंग रोपवाटिकेत परतला नाही, परतणारही नाही. मे महिन्यात दोघांचं आसावरून पुन्हा वाजलं, चांगलं दोन तास. पण वाजलं ते शेडमध्ये, गाडीच्या दोन बाजूंना गुडघे टेकून.

जुलैत तेक्ले गेली. विमानतळावर तिने मला वही दिली. तीस पानं. कोबी कुणाच्या शेतातून, किती किलो, गेशेला चढणीला दम लागतो म्हणून कुठे थांबायचं, सगळं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'काही अडलं तर मला विचारा. स्वतःच्या मनाने बदलू नका.' पुढचं शिक्षण तिला इथेच घ्यायचं होतं; त्यासाठी लागणाऱ्या भाषेच्या परीक्षेची तारीख नेमकी फेरीच्याच आठवड्यात आली, म्हणून तिला येता आलं नाही. त्या परीक्षेत ती उत्तम गुणांनी पास झाली.

फेरीच्या दिवशी बारीक गारांचा पाऊस होता. तरी अडतीस माणसं आली. गेशेने माझ्या हातातली वही पाहून विचारलं, "राणीसाहेबांचा हुकूम काय?" मी वाचून दाखवलं: गिरणीपर्यंत डाव्या हाताचा रस्ता, मग थांबा. ओनो म्हणाला, उजवा बरा. हेनिंग म्हणाला, डावा लिहिलंय. दोघांनी गाडीचा दांडा एकेका हाताने धरला होता आणि दोघंही थोडा वेळ आपापल्या बाजूला ओढत राहिले. मग ओनोने ओढणं सोडलं. आम्ही डावीकडून गेलो.

हेनिंग रविवारी संध्याकाळी निघणार होता. रविवारी दुपारी ओनोने त्याला विचारलं, उद्या नवी कलमं लावायचीत, पाहायची आहेत का. नुसती पाहायची. हेनिंग मंगळवारपर्यंत राहिला.